कामाबद्दल अनास्था

१२ जानेवारी

ताई,

तुझा अर्ज काल आला. आवक टपालात नोंद होऊन, शिक्का बसून, शिपायाच्या हातून माझ्या टेबलावर. वर 'मा. मनुष्यबळ व्यवस्थापक यांस' आणि खाली 'महोदय'. ज्याचं नाक तू दहाव्या वर्षापर्यंत पुसलंस त्याला महोदय. शिपाई म्हणाला, "साहेब, का हसताय?" मी म्हटलं, काही नाही, जुनी ओळख निघाली.

तेवीस वर्षं काम केल्याचा दाखला हवा, असं तू लिहिलंयस. एका रुग्णालयात टेलिफोनवर बसायची जागा आहे आणि दहा मार्चच्या आत दाखला पोचला नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाईल. मला वाटलं होतं, वर्षभर त्या टाचणीकडे राहून तुझा राग उतरेल आणि तू घरी येशील. पॅकिंगच्या टेबलावर तुझ्या शेजारी बसून आयुष्यभर सगळ्यांना टोचणारी ती बाई, तिच्या गावात तिच्या घरी तू राहतेस, आणि आता तिथेच नोकरीही शोधतेस. बरं.

दाखला सोबत जोडला आहे. फाईलमधला शेवटचा शेरा त्यात उतरवावा लागतो, तो नियमच आहे: 'कामाबद्दल अनास्था. अंतिम तपासणीत निष्काळजीपणा.' ऐकायला कडू वाटतं, पण ही कचेरीची भाषा आहे, ती कुणी मनावर घेत नाही. सहाशे थर्मामीटर रेषा चुकलेले निघून परत आले होते, तपासणीचा शिक्का तुझा होता, चौकशी मला करावी लागली. माझ्या जागी दुसरा असता तर त्याने याहून वाईट लिहिलं असतं. मी तुझा भाऊ असल्यामुळे उलट जास्त काटेकोर राहणं भाग होतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, तू पिशवी भरत होतीस.

अर्जावरची तुझी सही ओळीच्या खाली घसरली आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, एकदा दाखवून घे.

घर ठीक आहे. शेजारच्या काकूंना मी सांगितलं होतं की ताई मोठ्या सुट्टीवर गेलीय. त्या आता विचारत नाहीत. भाजी आणून देतात ती मात्र एका माणसापुरतीच असते.

तुझा
महोदय


२९ जानेवारी

ताई,

दाखला परत आला. फाडला असता तरी चाललं असतं, पण त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टाचणीने मला पत्र लिहिलंय. कागद वाया घालवायचा नाही ही पॅकिंगची सवय. तिने तुला न सांगता लिहिलंय, असं तीच म्हणते. म्हणून तिचे शब्द इथे उतरवतो. ती आता स्वतःचंच पत्र तुला वाचून दाखवेल, दाखवू दे.

"धाकटे साहेब, ताईला वाचता येत नाही. आठ महिने झाले. नजरेच्या मधलं गेलंय, कडेचं तेवढं दिसतं, चष्म्याचा उपयोग नाही. सहा महिने शिकून तिने टेलिफोनची परीक्षा दिली, पहिली आली. तुमचं पत्र मी वाचलं. शेरा ऐकून ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचला. मग म्हणाली, अक्षर त्याचंच आहे का? मी म्हटलं, नाही गं, टाईप केलंय. तेव्हा बरं वाटलं तिला. हा शेरा दाखवून तिला दारावर बसायचीही नोकरी कुणी देणार नाही, एवढं तुम्हाला कळत असेलच. आणि तुमचा तो चढता आलेख आहे ना, तो आम्ही सात जणींनी चढवलाय. बारा डब्या झाल्या की तेरावी ताईच्या ट्रेमध्ये. ज्या बाईला अडचण असेल तिला असा हात लावायचा, बोलायचं नाही, तिनेही आभार मानायचे नाहीत. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून चालत आलंय. सुरू कुणी केलं ते तुमच्या बहिणीला विचारा."

हे वाचून संध्याकाळी आधी राग आला. मला सांगायला काय झालं होतं? मी भाऊ होतो, एका छपराखाली होतो. तू ताटात मीठ वाढताना बोटाने चाचपायचीस हे मी पाहिलंय. पाहिलंय आणि विचारलं नाही, हेही आता कबूल करतो.

पण ताई, मी मनाचं काही केलं नव्हतं. पुस्तकांत लिहिलंय ते केलं. साहेब दोन जातींचे असतात. एकाला वाटतं माणूस जात्याच कामचुकार, त्याच्या पाठीशी उभं राहिल्याशिवाय तो हात हलवणार नाही. दुसऱ्याला वाटतं माणसाला काम करायचंच असतं, त्याला मोकळीक द्या, मान द्या. मी दुसऱ्या जातीचा. माणसाच्या गरजांची शिडी असते, खाली पोट, मग आसरा, मग सोबत, मग मान, आणि सगळ्यात वर स्वतःच्या गुणांचं चीज होणं. तू तेवीस वर्षं एकाच टेबलावर डब्या भरत होतीस आणि त्यातून मला शिकवत होतीस. मला वाटलं, आता आपण साहेब झालो, ताईला शिडीवर चढवू.

म्हणून वेगळे ट्रे आणले, प्रत्येकीचा आकडा फळ्यावर लावला. तुझा आकडा सर्वांत कमी होता. मी रोज सुट्टी व्हायच्या आधी येऊन सगळ्यांसमोर तुझं कौतुक करायचो, आठवतं? तीन आठवड्यांत तुझा आकडा दुप्पट झाला. मी त्याचा आलेख काढला, वर लिहिलं 'कौतुकाचा उत्पादनावर परिणाम'. मोठ्या साहेबांनी तो मुख्य कचेरीत पाठवला. मग मी तुला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं, भिंग दिलं, शिक्का दिला. तू दोनदा म्हणालीस, "मला नको रे, मी इथंच बरी." पुस्तकात होतं की जबाबदारीची भीती सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते.

टाचणीला सांग, हा भाग गाळू नकोस.

धाकटा


१४ फेब्रुवारी

ताई,

टाचणीने पोस्टकार्डावर कळवलंय की पत्र पूर्ण वाचलं, शिडीपाशी ताईला डुलकी लागली, पुढचं सकाळी वाचलं. ठीक आहे. आमच्या बैठकांतही त्याच ठिकाणी लागते.

मी परवा पॅकिंगला गेलो. नुसता जाऊन बसलो, तुझ्या जुन्या स्टुलावर. आता त्या टेबलावर पाच जुन्या आणि तीन नव्या आहेत. मी बसताच सगळ्या गप्प झाल्या. टेबलाच्या टोकाला बसणारीचं मनगट सुजलंय, ती डाव्या हाताने भरते. मी पाऊण तास बघत होतो. तिच्या ट्रेमध्ये कुणी एक डबी टाकली नाही. उलट दोघीजणी आपला ट्रे कोपराने झाकून काम करतात, परीक्षेत मुलं पेपर झाकतात तशा. महिन्याची उत्तम कामगार म्हणून जिचा फोटो लागलाय तिच्याशी कुणी जेवायला बसत नाही. मी तिला विचारलं, फोटो आवडला का? ती म्हणाली, "साहेब, काढता आला तर बघा."

म्हाताऱ्या फोरमनला मी विचारलं की हात लावण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक होती का. तो म्हणाला, "सगळ्या कारखान्याला ठाऊक होती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही शिकलेले, म्हणून कुणी सांगायच्या भरीला पडलं नाही."

आता कामाचं. शेरा काढायचा तर कारण द्यावं लागेल. डोळ्यांचं कारण दिलं तर पहिला प्रश्न येणार, डोळे न तपासता हिला भिंगाखाली बसवलं कुणी? दुसरा प्रश्न, मग हिचा आकडा दुप्पट कसा झाला? एक मार्चला मला मुख्य कचेरीत हाच आलेख घेऊन बोलायचंय. ते बरं झालं तर तिथली प्रशिक्षण विभागाची जागा माझी आहे, तसं मोठे साहेब दोनदा बोललेत. मी मध्यममार्ग म्हणून शेरा नसलेला दाखला टाईप केला होता, पण तुमच्या रुग्णालयाच्या फॉर्ममध्ये 'नोकरी सोडण्याचे कारण, कचेरीच्या नोंदीप्रमाणे' असा रकाना आहे आणि तो कोरा चालत नाही.

एक मार्च होऊ दे. दोन आठवडे. त्यानंतरही दहा तारखेला अवकाश आहे. तू माझ्यासाठी एवढं थांबलीस, आणखी दोन आठवडे थांब.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ खोडावं की ठेवावं असा विचार करत होतो. ठेवलंय. असा आहे मी, तुला माहीतच आहे.

धाकटा


२ मार्च

ताई,

झालं काल. मोठा हॉल, दोनशे माणसं, पाण्याच्या बाटल्यांवर प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. मी आलेख लावला. तुझं नाव घेतलं नाही, 'पॅकिंगमधील एक ज्येष्ठ महिला कामगार' म्हणालो. कौतुकाआधी किती, कौतुकानंतर किती. कारखान्यात दिवे वाढवले तर काम वाढतं, कमी केले तरी वाढतं, कारण आपल्याकडे कुणी बघतंय हेच माणसाला पुरतं, तो जुना किस्साही सांगितला. तो नेहमी चालतो. कालही चालला.

शेवटी पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि ही कामगार आता काय करते?"

मी म्हणालो, "तिची पुढे तपासणी विभागात बढती झाली."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही त्यात. टाळ्या वाजल्या. तुला घाण्याला जुंपून वर तुझ्या घामाचं कौतुक मी करून घेतलं आणि लोक माझा हात हातात घेऊन हलवत होते. जेवताना त्या बाई माझ्या शेजारी आल्या आणि म्हणाल्या, तुमची स्वतःची कुणी असं काम करत होती का, बोलताना तुमचा आवाज तसा वाटला. मी म्हणालो, नाही.

हे नाही म्हणालो, तिथे माझी हद्द झाली, ताई. शेरा लिहिताना मी स्वतःला सांगू शकलो होतो की हे काम आहे. काल काम संपलं होतं, हातात पोळीचा तुकडा होता, कुणी खोटं बोलायला भाग पाडत नव्हतं, आणि तरी मी तुला नाकारलं.

आज सकाळपासून गाडीत बसून तपासणीच्या खुर्चीवरचे तुझे ते एकोणीस दिवस मनात येतात. तू भिंगाखाली नळ्या धरायचीस. दिसत नव्हतं. बोटं फिरवायचीस. पण रेषा काचेच्या आत असतात, त्या बोटाला लागत नाहीत. तरी तू शिक्का मारत राहिलीस, कारण उठून नाही म्हटलं असतंस तर फळ्यावरचा आकडा खोटा ठरला असता, आकडा खोटा ठरला असता तर मी खोटा ठरलो असतो. तू गप्प बसलीस ती माझ्यासाठी, आणि मी लिहिलं, अनास्था.

या पत्रात टाचणीने गाळण्यासारखं काही नाही. असेल तर हे, की मी उद्या साहेबांना भेटणार आहे आणि मला भीती वाटते.

धाकटा


६ मार्च

ताई,

पोस्टावर भरवसा ठेवायला दिवस उरले नव्हते, म्हणून आज सुट्टी टाकून मी स्वतः रुग्णालयात आलो आणि दाखला आस्थापना विभागात देऊन पोच घेतली. हे पत्र त्याच गावातल्या पोस्टात बसून लिहितोय. दौत वाळलेली आहे, पेन दोऱ्याने बांधलंय.

मोठ्या साहेबांना तीन तारखेला सगळं सांगितलं. ते आधी समजावत होते. "अहो, वैयक्तिक कारण लिहा आणि सोडा. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेताय?" मी म्हटलं, फाईलमध्ये एक आणि दाखल्यात दुसरं असं चालणार नाही, मुळातला शेराच खोडायचाय. मग आलेखाचं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "मुख्य कचेरीला मी काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, माझं दाखवा. ते हसले नाहीत.

प्रशिक्षणाची जागा गेली. मनुष्यबळ विभागही गेला. एक एप्रिलपासून मी भांडारात आहे. तिथे खोके आहेत, एक नोंदवही आहे आणि एक कारकून आहे ज्याला ऐकू कमी येतं. फळा उतरवून नेला, ट्रे अजून वेगळेच आहेत. ते मात्र माझ्या हातात राहिलं नाही. सुजलेल्या मनगटाच्या बाईला मी जाता जाता दवाखान्याची चिठ्ठी दिली, तिने ती माझ्याकडे न बघता घेतली.

दाखल्यात काय लिहिलंय ते तुला वाचून दाखवायचा हक्क टाचणीचा आहे, म्हणून नक्कल जोडतो.

'प्रमाणित करण्यात येते की सदर कर्मचारी यांनी या कारखान्याच्या पॅकिंग विभागात तेवीस वर्षे काम केले. त्यांची नजर अधू झाली असताना, तपासणी न करता व त्यांनी दोन वेळा नकार दिला असताना, त्यांना नजरेच्या कामावर नेमण्यात आले. त्या कामात झालेल्या चुकीची जबाबदारी नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. यापूर्वीचा शेरा चुकीचा असून रद्द करण्यात येत आहे. सोबत काम करणाऱ्यांना त्यांचा आधार वाटत असे. अशी व्यक्ती आपल्याकडे येत असेल तर आपण नशीबवान आहात.'

शेवटचं वाक्य कचेरीच्या भाषेत बसत नाही, हे टायपिस्टने तीनदा सांगितलं. मी म्हटलं, बसव.

टाचणीचं घर इथून दहा मिनिटांवर आहे, पोस्टातल्या माणसाने रस्ताही सांगितला. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. वरच्या गॅलरीत एक बाई वाळलेले कपडे काढत होती, दोरीवरून हात सरकवत एकेक चिमटा शोधत होती. ती तू होतीस की नव्हतीस कळलं नाही, उन्हं डोळ्यांवर होती. हाक मारली असती तर तू वळली असतीस आणि आवाज कुठून आला ते शोधत बसली असतीस. तुला तसं शोधताना बघायची मला हिंमत झाली नाही. शिवाय तू बोलावलेलं नाहीस. चारची गाडी आहे.

धाकटा


२१ एप्रिल

ताई,

जागा तुला मिळाली हे टाचणीने पोस्टकार्डावर एका ओळीत कळवलं. 'लागली. कामाला जाते. तुम्ही बरे असाल.' तुझा म्हणून निरोप काही नव्हता, आणि तिच्यासारखी बाई नसलेला निरोप रचून पाठवणार नाही, तेही खरंच. मी पुढे लिहिलं नाही. लिहिण्याजोगं काही घडतही नव्हतं. भांडारात खोके येतात, खोके जातात.

आज मी फोन केला. तुझ्याशी बोलायला केला नव्हता, हे खरं सांगतो. दाखल्याची मूळ प्रत तुमच्या फाईलला लागली की नाही एवढं विचारायचं होतं. तशी काही गरज नव्हती, पण कारण कचेरीचं होतं म्हणून धीर झाला.

दोनदा वाजला आणि तू उचललास. "नमस्कार, रुग्णालय. कुठे जोडू?"

आपल्या घरात तुझा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सरळ, मोकळा, कुणाला न घाबरणारा. मागे कुठेतरी दुसरी घंटा वाजत होती आणि तुला घाई नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, तर आधी आवाजच फुटेना. मग म्हणालो, "आस्थापना विभाग द्या."

तू लगेच जोडलं नाहीस. मी तुझा श्वास ऐकत होतो. मला वाटलं आता ठेवशील, आणि ठेवलास तरी ते योग्यच होतं.

"घसा बसलाय," तू म्हणालीस. "वाफ घे."

मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "जोडते," आणि खट् झालं, आणि पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "आस्थापना, बोला." मला त्यांना विचारायचं होतं ते एक अक्षर आठवेना. ते तीनदा हॅलो म्हणाले. मी फोन ठेवला.

ताई, माझा घसा बसला नव्हता. शनिवार-रविवार सुट्टी होती, सोमवारी भांडारातला कारकून आला नव्हता. तीन दिवसांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते तुझ्याशी, म्हणून तसा आवाज आला.

पण मी वाफ घेतली. पातेल्यात पाणी उकळून, डोक्यावर टॉवेल घेऊन, पूर्ण दहा मिनिटं बसलो.

धाकटा